गोव्यातून परदेशी स्थायिक होताना जुने आम्लपित्त कसे सांभाळावे

परदेशी जायचे ठरले की गोव्यातल्या घरांत कागदपत्रांची धावपळ सुरू होते. जन्मदाखला, शिक्षणाची प्रमाणपत्रे, व्हिसा, विमा आणि तिकीट यांच्या याद्या होतात. वर्षानुवर्षे जडलेले आम्लपित्त मात्र त्या यादीत बहुधा नसते, कारण ते घरच्यांच्या इतके अंगवळणी पडलेले असते की त्याला आजार म्हणून कोणी मोजतच नाही. सकाळी उठून एक गोळी घ्यायची, जेवण जड झाले की पातळ औषधाचे दोन चमचे प्यायचे, आणि अगदीच घशाशी आले तर रात्री नुसत्या पेजेवर भागवायचे, एवढ्यावर ते इथे आटोक्यात राहते. हे आटोक्यात राहणे ज्या गोष्टींवर अवलंबून असते, म्हणजे कोपऱ्यावरच्या फार्मसीत मागताक्षणी मिळणारे औषध, ठरल्या वेळेचे घरचे जेवण आणि स्वतःचा बिछाना, त्या सगळ्या परदेशी पाऊल ठेवताच एकदम सुटतात. म्हणून या आजाराची खरी तयारी निघण्यापूर्वीच्या दीड-दोन महिन्यांत गोव्यातच करावी, असे माझे ठाम मत आहे. तिथे पोहोचल्यावर करायचे काम त्या मानाने थोडे उरते.

जत्रेतले जेवण जड झाले म्हणून एखाद्या रात्री जळजळ होणे वेगळे आणि आठवड्यातून दोन-तीनदा छातीत जळजळ, आंबट पाणी तोंडात येणे, रात्री ठसका लागून जाग येणे असा त्रास महिनोन्‌महिने चालणे वेगळे. हा लेख दुसऱ्या प्रकारच्या रुग्णांसाठी आहे. अन्ननलिका जिथे जठराला मिळते तिथे स्नायूंचे एक कडे असते, जे घास खाली गेल्यावर मिटते. ते वेळीअवेळी सैल पडू लागले, किंवा जठराचा वरचा भाग छातीच्या पोकळीत सरकला, की जठरातले आम्ल वर चढते. जठराचे अस्तर आम्ल सहन करते; अन्ननलिकेचे करत नाही. पोट गच्च भरणे, जेवल्यावर लगेच आडवे होणे, कमरेभोवतीची चरबी, धूम्रपान आणि मद्य यांमुळे हे वर चढणे वाढते. जागा बदलली म्हणून यातले काही आपोआप बदलत नाही, उलट नव्या गावी पहिल्या काही महिन्यांत वजन वाढते, जेवण लांबते आणि झोप बिघडते.

निघण्यापूर्वी

पहिले काम वहीचे आहे. दोन आठवडे रोज काय खाल्ले, किती वाजता खाल्ले, किती वाजता आडवे झालो आणि त्रास केव्हा झाला, एवढे चारच रकाने लिहावेत. आम्लपित्ताचे पथ्य म्हणून जी लांबलचक यादी सर्वांना सांगितली जाते तिच्यातली प्रत्येक वस्तू प्रत्येकाला बाधतेच असे नाही, आणि सगळी यादी पाळणारा माणूस परदेशात उपाशीच राहील. कोणाला हुमणातल्या मिरचीचे काही होत नाही, पण भज्यांचे होते; कोणाला चहा चालतो, पण रिकाम्या पोटी घेतलेली कॉफी चालत नाही. सोलकढी आपल्याकडे पित्तावर उतारा मानली जाते आणि अनेकांना तिने बरे वाटतेही. परंतु आमसुलात आम्ल असते आणि नारळाच्या घट्ट रसात स्निग्धांश भरपूर असतो, त्यामुळे काहींना तीच जळजळीचे कारण ठरते. आपले कारण कोणते हे वहीच सांगेल, आणि ते कळले की अनोळखी देशातल्या अनोळखी जेवणातून निवड करणे सोपे जाते.

दुसरे काम आपल्या डॉक्टरांना भेटण्याचे. बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय असो, म्हापशाचे किंवा मडगावचे जिल्हा इस्पितळ असो, की गावातले कुटुंबाचे डॉक्टर असोत, त्यांना निघण्याची तारीख सांगून विचारावे की दुर्बिणीची तपासणी, म्हणजे एंडोस्कोपी, आता करून घेणे योग्य ठरेल का. सर्वांना ती लागत नाही. परंतु त्रास पाच-सात वर्षांचा असेल, वय पन्नाशीच्या पुढे असेल, औषध घेऊनही लक्षणे राहत असतील किंवा घास अडकत असेल, तर ती इथेच उरकून अहवाल बरोबर नेणे शहाणपणाचे आहे, कारण अनेक देशांत तातडीचे कारण नसेल तर या तपासणीसाठी बराच काळ थांबावे लागते. अन्ननलिकेची झीज अहवालात ए ते डी अशा चार श्रेणींत नोंदलेली असते. ही श्रेणी जगभरच्या डॉक्टरांना समजते, म्हणून अहवाल छायाचित्रांसह घ्यावा.

जठरातल्या हेलिकोबॅक्टर पायलोरी या जंतूची तपासणीही याच वेळी विचारून घ्यावी. हा जंतू भारतात फार आढळतो. तो व्रणाचे आणि जठराच्या दाहाचे कारण असतो, आणि पोटात जळजळते म्हणून वर्षानुवर्षे आम्लपित्ताच्या गोळ्या घेणाऱ्या काहींचे खरे दुखणे तेच निघते. श्वासाची किंवा शौचाची चाचणी करायची असेल तर आम्ल कमी करणारी गोळी दोन आठवडे आणि प्रतिजैविके चार आठवडे आधी बंद असावी लागतात, नाही तर जंतू असूनही चाचणी नकारात्मक येऊ शकते. त्यामुळे ही चाचणी शेवटच्या आठवड्यात होत नाही. तिचा दिवस आधीच ठरवावा लागतो.

गोळीच्या पट्टीची मागची बाजू

सगळ्यात जास्त गोंधळ औषधांच्या नावांत होतो, म्हणून इथे थोडे थांबावे लागेल. आपण घेत असलेल्या गोळीची पट्टी हातात घ्यावी, उजेडात धरावी आणि मागे रुपेरी कागदावर बारीक अक्षरांत छापलेला मजकूर वाचावा. समोर ठळक छापलेले नाव कंपनीचे असते आणि ते भारताबाहेर बहुधा कोणाला ठाऊक नसते. मागच्या बारीक अक्षरांत पँटोप्रॅझोल ४० मिलिग्रॅम, राबेप्रॅझोल २० मिलिग्रॅम, ओमेप्रॅझोल २० मिलिग्रॅम किंवा इसोमेप्रॅझोल असे मूळ औषधाचे नाव आणि प्रमाण असते. तेच जगभर चालते. मात्र पुष्कळदा त्याच ओळीत पुढे आणखी एक नाव असते, जठर लवकर रिकामे व्हावे म्हणून घातलेले डोमपेरिडोन किंवा लेव्होसल्पिराइड, आणि अडचण तिथे सुरू होते.

आपल्याकडे या जोडगोळ्या सर्रास दिल्या जातात. डोमपेरिडोनला अमेरिकेत मान्यताच नाही. युरोपीय महासंघात २०१४ सालापासून, हृदयाच्या ठोक्यांवर होणाऱ्या परिणामांमुळे, त्याचा उपयोग मळमळ आणि उलटी यांपुरता आणि साधारणपणे आठवडाभरासाठीच करावा असे बंधन आहे. ब्रिटनमध्ये ते केवळ डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळते. लेव्होसल्पिराइड ब्रिटनमध्ये आणि अमेरिकेत मिळत नाही. वर्षानुवर्षे जोडगोळी घेणाऱ्याने ती तिथे मिळेल असे गृहीत धरून तीन महिन्यांचा साठा नेला, तर चौथ्या महिन्यात त्याची पंचाईत ठरलेली आहे. त्यापेक्षा निघण्यापूर्वी एक-दोन महिने आधीच डॉक्टरांना सांगून साध्या, एकाच औषधाच्या गोळीवर यावे आणि तिच्यावर आपले भागते का ते गोव्यातच पाहावे. बहुतेकांचे भागते.

रॅनिटिडिन या आम्ल कमी करणाऱ्या जुन्या औषधाचीही तीच गोष्ट. आपल्या घरांत हे नाव पिढ्यांच्या ओळखीचे आहे, पण त्यात एनडीएमए नावाचे, कर्करोगाचा धोका वाढवू शकणारे द्रव्य आढळल्यामुळे २०२० साली अमेरिकेने ते बाजारातून काढून घ्यायला लावले आणि युरोपनेही त्याची विक्री थांबवली. भारताच्या अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीतूनही ते २०२२ साली वगळले गेले. त्याच वर्गातले फॅमोटिडिन हा पर्याय अनेक देशांत उपलब्ध आहे.

आखाती देशांत जाणाऱ्यांनी एक गोष्ट विशेष लक्षात ठेवावी. पोटात मुरडा, गॅस आणि अस्वस्थता यांसाठी आपल्याकडे क्लिडिनियम आणि क्लोरडायाझेपॉक्साइड असलेल्या गोळ्या लिहून दिल्या जातात. यांतले क्लोरडायाझेपॉक्साइड हे मन शांत करणाऱ्या औषधांच्या त्याच गटातले आहे ज्यावर आखाती देशांत कडक नियंत्रण असते. आम्लपित्ताची साधी गोळी म्हणून ही पट्टी बॅगेत टाकून विमानतळावर उतरणे धोक्याचे आहे. ती खरोखर आवश्यक असेल तर त्या देशाच्या आरोग्य खात्याची परवानगी आधी घ्यावी, आणि आवश्यक नसेल, जसे बहुधा असते, तर ती घरीच ठेवावी.

बरोबर न्यायच्या औषधांसाठी डॉक्टरांकडून छापील इंग्रजीत एक पत्र घ्यावे. त्यात पासपोर्टवर आहे तसेच पूर्ण नाव, आजाराचे निदान, औषधाचे मूळ नाव, प्रमाण, वेळ आणि कालावधी असावा, आणि खाली सही, शिक्का व नोंदणी क्रमांक असावा. तीन महिन्यांपुरते औषध स्वतःसाठी नेणे अनेक देशांत चालते, तरीही आपण जात असलेल्या देशाचा नियम त्याच्या दूतावासाच्या किंवा तिथल्या आरोग्य खात्याच्या संकेतस्थळावर पाहून घ्यावा. गोळ्या पट्टीतून काढून डब्यात भरू नयेत. मूळ वेष्टन आणि बिल बरोबर असावे. नंतर घरच्यांकडून पोस्टाने किंवा कुरियरने औषधे मागवण्याच्या भरवशावर राहू नये, कारण बऱ्याच देशांत खासगी व्यक्तीला बाहेरून आलेली औषधे सीमाशुल्क विभाग अडवतो.

जाण्याच्या गडबडीत गोळी एकदम बंद करण्याचा मोह काहींना होतो, जणू नव्या देशात नवे पोट मिळणार आहे. महिनोन्‌महिने घेतलेली ही गोळी अचानक सोडली की जठर काही काळ नेहमीपेक्षा जास्त आम्ल तयार करते आणि जळजळ उसळते. ती सोडायचीच असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू प्रमाण उतरवत सोडावी, आणि तो प्रयोग स्थलांतराच्या महिन्यांत करू नये. दीर्घकाळ ती घेणाऱ्यांत ब-१२ जीवनसत्त्व आणि मॅग्नेशियम कमी होण्याची शक्यता असते. शाकाहारी व्यक्तींनी, आणि मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्यांनी तर नक्कीच, निघण्यापूर्वी ब-१२ तपासून घ्यावे.

विम्याच्या अर्जात हा आजार लिहावा. तो किरकोळ वाटतो म्हणून गाळला आणि पुढे पोटाच्या त्रासासाठी इस्पितळात दाखल व्हावे लागले, तर आधीचा आजार लपवला या कारणाने दावा नाकारला जाऊ शकतो.

प्रवासाचा दिवस

मोपाहून निघा किंवा दाबोळीहून, निरोपाच्या रात्रीचे जेवण हेच बहुतेकांच्या प्रवासातल्या त्रासाचे मूळ असते. पाहुणे येतात, सुंगटांचे तोंडीलावणे, तळलेले इसवण आणि वर गोड असा बेत होतो, आणि मध्यरात्रीनंतर तेच पोट घेऊन माणूस अरुंद खुर्चीत अर्धवट आडवा होतो. हे जेवण दुपारी करावे आणि रात्री हलके खावे. विमानातल्या जेवणासाठी सौम्य किंवा कमी तेलाचा पर्याय साधारणपणे २४ तास आधी नोंदवता येतो. शीतपेये आणि मद्य टाळावे, सैल कपडे घालावेत. गोळ्या आणि डॉक्टरांचे पत्र हातातल्या बॅगेत असावे. पातळ औषधाची मोठी बाटली सुरक्षा तपासणीत अडकण्याचा संभव असतो, म्हणून प्रवासापुरत्या चघळण्याच्या गोळ्या पुरे.

वेळेच्या फरकाची काळजी नको. दुबई आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे, लंडन आणि लिस्बन ऋतूनुसार साडेचार किंवा साडेपाच तास मागे. दिवसातून एकदाची गोळी इतक्या फरकाने पुढे-मागे झाली तरी बिघडत नाही. दुसऱ्या दिवसापासून तिथल्या घड्याळाप्रमाणे घ्यावी.

नव्या गावातले जेवण आणि गोळीची वेळ

पँटोप्रॅझोल, ओमेप्रॅझोल या वर्गातल्या गोळ्या खाण्यापूर्वी अर्धा ते एक तास घ्यायच्या असतात, कारण जठरातली आम्ल तयार करणारी यंत्रणा जेवणाने जागी होते आणि गोळी जाग्या झालेल्या यंत्रणेवरच काम करते. जेवल्यावर किंवा झोपताना घेतलेली गोळी पुष्कळदा वाया जाते. हा नियम इथेही लागू आहे, पण गोदामात, हॉटेलात किंवा इस्पितळात पाळ्या करणाऱ्यांना तो तिथे जास्त जाचतो. त्यांनी सकाळ-संध्याकाळ न पाहता आपले मोठे जेवण पाहावे. रात्रपाळीवरून सकाळी आलेला माणूस दुपारी उठून तीनला पोटभर जेवत असेल, तर त्याची गोळी अडीचची. पाळी सुटल्यावर घरी येऊन भरपेट जेवून लगेच अंथरुणावर पडणे ही सवय मात्र कोणत्याही गोळीला पुरून उरते. मोठे जेवण पाळीच्या आधी आणि परतल्यावर पेज, दूधविरहित ओट्स किंवा केळे असा क्रम लावावा.

आपल्या खाण्यातली पेज ही या आजारात मोठी सोय आहे. उकड्या तांदळाची मऊ पेज पोटाला जड होत नाही, तिच्यात तेल नसते आणि पाळीच्या माणसाला ती फ्लास्कमधून नेता येते. उकडे तांदूळ न मिळाले तर केरळी दुकानांत मट्टा या नावाने मिळणारा तांबडा उकडा तांदूळ घ्यावा; आखातात आणि ब्रिटनच्या शहरांत तो सहज मिळतो. लिस्बनला मार्तिम मोनीजच्या आसपास आशियाई किराणा दुकाने आहेत, तिथे विचारावे. तिच्याबरोबर मात्र लोणचे आणि तळलेली सुकी मासळी न घेता उकडलेली भाजी किंवा मुगाचे कढण घ्यावे.

परदेशात आपले जेवण रांधताना नकळत एक बदल होतो. सोले, म्हणजे आमसुले, संपतात, मग आंबटपणासाठी टोमॅटो, लिंबू किंवा व्हिनेगर येते. ओला नारळ मिळत नाही, मग डब्यातला घट्ट रस ओतला जातो. टोमॅटो अनेकांना बाधतो आणि डब्यातला दाट रस गोव्यात काढलेल्या पातळ दुसऱ्या रसापेक्षा बराच स्निग्ध असतो. तो दुप्पट पाण्याने पातळ करून वापरावा, आणि आंबटासाठी सुकी सोले बरोबर न्यावीत. ती हलकी असतात आणि वर्षभर टिकतात. नेताना त्या देशाचे खाद्यपदार्थांचे नियम पाहावेत, ऑस्ट्रेलियासारख्या देशात ती उतरताना जाहीर करावी लागतात. आणखी एक सूचना इथेच देतो: संयुक्त अरब अमिरातीत आणि सौदी अरेबियात खसखस नेण्यास बंदी आहे. शागुतीचा मसाला घरून नेत असाल तर त्यात ती घातलेली नाही याची खात्री करून घ्यावी.

पोर्तुगालात रात्रीचे जेवण आठनंतर सुरू होते आणि शेवटी लहानशा पेल्यातली कडक कॉफी येते. तिथे दुपारचे जेवण मोठे ठेवणे सोयीचे, कारण बहुतेक साध्या खानावळींत दुपारी दिवसाचा ठरलेला पदार्थ आणि भाज्यांचे सूप मिळते. रात्री सूप आणि पाव यांवर भागवावे आणि कॉफी सकाळच्या जेवणानंतर घ्यावी. ब्रिटनमध्ये जेवण लवकर होते, ही या रुग्णांसाठी चांगली गोष्ट आहे, पण पोट बिघडले की पुदिन्याचा चहा देण्याची तिथे रीत आहे. पेपरमिंट अन्ननलिकेच्या खालच्या टोकाचे कडे सैल करते, त्यामुळे पचनाला चांगला असला तरी हा चहा आम्लपित्तवाल्यांनी नम्रपणे नाकारावा. आखातात रमझानच्या महिन्यात कामाच्या आणि जेवणाच्या वेळा बदलतात. सहकाऱ्यांबरोबर सूर्यास्तानंतर जेवायला बसण्याचा मान जरूर ठेवावा, पण दिवसभराच्या रिकाम्या पोटावर तळलेले पदार्थ आणि सरबते एकदम न घेता खजूर, पाणी आणि सूप यांनी सुरुवात करून अर्ध्या तासाने थोडे जेवावे.

अंगमेहनतीच्या कामाने पाठ दुखू लागली की दुकानात सहज मिळणारी आयबुप्रोफेनची गोळी लोक रोज घेऊ लागतात. ती अन्ननलिकेच्या आणि जठराच्या अस्तराला इजा करते. आम्लपित्त असलेल्यांनी वेदनेसाठी पॅरासिटामॉल, तेही सांगितलेल्या प्रमाणात, घ्यावे आणि दुखणे राहिले तर डॉक्टरांना दाखवावे.

झोपण्याची जागा

रात्रीच्या जेवणानंतर तीन तास आडवे होऊ नये, हा सल्ला सगळे देतात. त्याइतकाच उपयोगी आणि कमी पाळला जाणारा उपाय म्हणजे खाटेची डोक्याकडची बाजू १५ ते २० सेंटिमीटर उंच करणे. घरी आपण पायांखाली विटा किंवा लाकडी ठोकळे सरकवतो. दुबईतल्या बेडस्पेसमध्ये, म्हणजे सामायिक खोलीत भाड्याने घेतलेल्या एका खाटेच्या जागेत, विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात किंवा बोटीवरच्या केबिनमध्ये खाट आपली नसते, पुष्कळदा ती दुमजली असते आणि तिचे पाय उचलता येत नाहीत. अशा ठिकाणी उताराची फोमची उशी घ्यावी, जी कंबरेपासून डोक्यापर्यंत अंग तिरपे उचलते. ती मिळेपर्यंत गादीच्या खाली, डोक्याच्या बाजूने, घडी घातलेल्या दोन जाड चादरी सारून खांद्यापासून उतार करावा. नुसत्या दोन-तीन उशा डोक्याखाली घेतल्या तर मान वाकते, पोट दुमडते आणि त्रास वाढतो. डाव्या कुशीवर झोपल्याने जठर अन्ननलिकेच्या खाली राहते, म्हणून दुमजली खाटेत भिंत कोणत्या हाताला येते हे पाहून जागा मागून घ्यावी.

बोटीवर काम करणाऱ्या तारवटींनी भरतीपूर्वीच्या वैद्यकीय तपासणीत आजार आणि औषध दोन्ही सांगावे. २००६ सालच्या सागरी कामगार करारानुसार बोटीवरच्या कामगाराला विनाशुल्क वैद्यकीय सेवा मिळणे हा त्याचा हक्क आहे, आणि शंभर किंवा अधिक माणसे घेऊन तीन दिवसांहून लांबच्या आंतरराष्ट्रीय सफरीवर जाणाऱ्या जहाजावर डॉक्टर असणे बंधनकारक आहे. गोळ्या संपत आल्या की बंदर येण्याची वाट न पाहता त्यांच्याकडे जावे.

तिथल्या डॉक्टरांशी गाठ

प्रकृती चांगली असतानाच नावनोंदणी करावी. ब्रिटनमध्ये व्हिसाबरोबर भरलेल्या आरोग्य अधिभारात, जो फेब्रुवारी २०२४ पासून प्रौढांसाठी वर्षाला १,०३५ पौंड आणि विद्यार्थ्यांसाठी ७७६ पौंड आहे, सरकारी आरोग्यसेवा अंतर्भूत असते. पण जवळच्या जीपीकडे, म्हणजे कुटुंबाच्या डॉक्टरांकडे, नाव नोंदवल्याशिवाय तिचा नित्याचा उपयोग होत नाही. ओमेप्रॅझोल २० मिलिग्रॅम तिथे फार्मसीत चिठ्ठीविना थोड्या दिवसांपुरते मिळते, आणि फार्मासिस्टचा सल्ला विनामूल्य असतो. पोर्तुगालात आधी सार्वजनिक आरोग्यसेवेचा क्रमांक काढून घ्यावा आणि आपल्या भागातल्या आरोग्य केंद्रात नोंदणी करावी. सल्ल्यासाठी ८०८ २४ २४ २४ हा सरकारी दूरध्वनी क्रमांक आहे. छातीतल्या जळजळीला तिथे अझीया म्हणतात, तेवढा शब्द फार्मसीत पुरतो. आखातात उपचार नोकरीबरोबर मिळणाऱ्या विम्यावर चालतात, म्हणून जुना आजार त्यात केव्हापासून धरला जातो ते करारावर सही करण्यापूर्वी विचारावे.

नवे डॉक्टर गोळीचे प्रमाण कमी करण्याचा प्रस्ताव मांडतील, याची मनाची तयारी असू द्यावी. चार ते आठ आठवडे पूर्ण प्रमाण आणि मग लक्षणे आटोक्यात राहतील एवढे किमान प्रमाण, अशी ब्रिटनमधली रीत आहे. तो दुर्लक्षाचा प्रकार नव्हे. अन्ननलिकेची झीज मोठ्या श्रेणीची असेल किंवा पेशींमध्ये बदल आढळले असतील, तर मात्र औषध चालू ठेवणेच योग्य असते, आणि इथे गोव्याहून नेलेला अहवाल उपयोगी पडतो. बोलताना नुसते गॅस होतो असे सांगू नये. जळजळ कुठे होते, जेवणानंतर किती वेळाने होते, रात्री जाग येते का, असे सांगावे.

मुलांकडे राहायला जाणाऱ्या वडीलधाऱ्यांसाठी दोन शब्द वेगळे लिहिणे भाग आहे. त्यांच्या औषधांची संख्या मोठी असते आणि ती एकमेकांत गुंततात. हृदयविकारासाठी क्लोपिडोग्रेल घेणाऱ्यांनी ओमेप्रॅझोल किंवा इसोमेप्रॅझोल स्वतःच्या मनाने विकत घेऊ नये, कारण त्यांनी क्लोपिडोग्रेलचा प्रभाव कमी होतो. रक्तदाबासाठीच्या अम्लोडिपिनने काहींचे आम्लपित्त वाढते. म्हणून सगळ्या औषधांची एकच यादी मूळ नावांनी करून ती डॉक्टरांना दाखवावी.

आणि त्याहूनही महत्त्वाचे म्हणजे, छातीत दुखले की गॅस झाला असेल म्हणून पाणी पिऊन पडून राहण्याची आपली जुनी सवय परदेशात अधिक घातक ठरते, कारण तिथे शेजारी धावून येत नाहीत आणि मुले कामावर असतात. छातीवर दाब आल्यासारखे वाटणे, दुखणे हातात, जबड्यात किंवा पाठीत जाणे, घाम फुटणे, धाप लागणे, चालताना वाढून थांबल्यावर कमी होणे, यांतले काहीही असले तर ते हृदयाचे दुखणे समजूनच रुग्णवाहिका बोलवावी. ब्रिटनमध्ये ९९९, पोर्तुगालसह युरोपीय महासंघात ११२ आणि अमिरातीत ९९८ हे क्रमांक फोनवर आणि भिंतीवर दोन्हीकडे लिहून ठेवावेत. घास अडकणे, कारण नसताना वजन उतरणे, रक्ताची किंवा कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी होणे, डांबरासारखे काळे शौचास होणे आणि रक्त कमी झाल्याचे निदान होणे, या लक्षणांतही गोळी वाढवून पाहू नये. उलटीत किंवा शौचात रक्त असेल तर त्याच दिवशी इस्पितळात जावे, आणि बाकीची लक्षणे दिसली तर त्याच आठवड्यात डॉक्टरांना भेटावे.

सुटीवर गोव्यात याल तेव्हा तिथल्या डॉक्टरांची पत्रे आणि नवीन अहवाल इथल्या डॉक्टरांना द्यावेत, आणि वर्षभर गोळी चालू असेल तर ब-१२ पुन्हा तपासावे. सुटी बहुधा चतुर्थीला किंवा मे महिन्यात पडते. नेवऱ्या, पातोळ्या, आंबे आणि उर्राक या सगळ्यांची भूक वर्षभर साचलेली असते, तेव्हा निदान त्या पंधरवड्यात गोळी चुकवू नये आणि परतीच्या आदल्या रात्री हलकेच जेवावे. पुढच्या मुक्कामासाठी औषध घेताना पट्टीची मागची बाजू पुन्हा वाचावी, कारण फार्मसीवाला सवयीने जुनी जोडगोळीच पुढे करील.